गच्ची म्हणजे शंभर

सत्तावीस अधिक पंधरा बरोबर तीनशे बारा.

हे उत्तर वहीच्या पानावर लाल शाईच्या तीन गोलांत कोंडून लिफ्टवाल्यांच्या नाकासमोर धरलं होतं, आणि धरणाऱ्या बाई तिसरीच्या वर्गशिक्षिका होत्या. लिफ्टवाले मुलांच्या बाकावर बसले होते. मोठ्या माणसाला लहान बाकावर बसवलं की त्याची निम्मी बोलती तिथेच बंद होते, हे शाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

"सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन. सगळं येतं तिला," बाई म्हणाल्या. "फक्त हातचा घेत नाही. बारातला एक उचलून शेजारी न्यायचा असतो, हे डोक्यात शिरत नाही. का शिरत नाही? कारण डोकं एका जागी नसतं. ते पायांबरोबर फिरत असतं."

"वय आहे तिचं," लिफ्टवाले म्हणाले.

"वय सगळ्यांचंच असतं. बाकीची एकोणचाळीस बसतात. शुक्रवारी चाचणी आहे. त्यात हातचा आला नाही तर गणिताच्या तासाला तिला दुसरीत बसवावं लागेल. तुम्ही काय करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग तुम्हाला तर कळायला हवं," बाई वही मिटत म्हणाल्या. "वर जायचं तर एका जागी स्वस्थ उभं राहावं लागतं."

याला देण्याजोगी चार झणझणीत उत्तरं लिफ्टवाल्यांना सुचली. चारही घरी पोहोचल्यावर सुचली.

ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं तिला अख्खी इमारत भिंगरी म्हणायची. ती जेवताना उभी, दात घासताना एका पायावर. तिला बसवायचं तर ताप यावा लागे. त्या दिवशी शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना मात्र ती सरळ रेषेत चालत होती.

"बाबा, दुसरीत लहान मुलं असतात ना?"

"असतात."

"त्यांचे बाक अजून लहान असतात?"

लिफ्टवाल्यांनी गुडघा चोळला. आताच एका लहान बाकातून सुटून आले होते. गुडघे अजून दुखत होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. बसल्याशिवाय गणित येत नाही, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला उभं करून विचारलं पाहिजे की बाबा रे, माणसानं मोजायला सुरुवात केली ती काय खुर्चीत बसून? पावलं मोजत चालला तो. बाक नंतर आला, आणि तोही मुलांच्या सोयीसाठी आला नाही. असो. लिफ्टवाल्यांचा राग साधारण याच जातीचा होता, फक्त त्यांना तो मांडता येत नव्हता. त्यामुळे ते घरी आल्या आल्या जिना मोजायला निघाले.

इमारतीत लिफ्ट होती. म्हणजे तिची खोली होती, दार होतं, आणि दारावर 'बंद आहे' अशी पाटी होती. दोन महिने झाले होते. लिफ्टवाले तिला हात लावू शकत नव्हते, कारण तिच्या देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे होतं, आणि कंपनीचा माणूस एका भागाची वाट बघत होता. तो भाग कोणता हे लिफ्टवाल्यांनी दाराबाहेरून, नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. सेक्रेटरींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी नका देऊ, उगाच कंपनी दुखावेल." तर ज्या इमारतीत लिफ्टचा कारागीर राहतो तिथलीच लिफ्ट मेलेली, आणि येता-जाता प्रत्येक जण धापा टाकत त्यांच्याकडेच बघणार. हे दोन महिने त्यांनी गिळलं होतं.

जिना मात्र धडधाकट होता. दहा पायऱ्या, मग वळण. वळणावर समोरासमोर दोन दारं, दाराशी जोड्यांची फळी. पुन्हा दहा पायऱ्या, पुन्हा वळण. लिफ्टवाले मोजत मोजत वर गेले, आणि दहावं वळण संपलं तेव्हा गच्चीचं दार आलं. शंभर! नेमक्या शंभर पायऱ्या! ज्यानं हा जिना बांधला त्या गवंड्याला गणित येत होतं, आणि त्याला कुणी दुसरीत बसवलं नव्हतं.

ते तसेच खाली धावले. माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात आयुष्यभरात बदललेल्या लिफ्टची जुनी बटणं होती, गोल, जाड, दाबून दाबून गुळगुळीत झालेली. तीस भरली. बायको तेव्हाच दवाखान्यातून परतली होती. दिवसभर केसपेपर काढून तिची बोटं आखडलेली असत.

"हा डबा मी तीनदा टाकायला सांगितलाय," ती म्हणाली.

"आज त्याचा उपयोग आहे."

"पंधरा वर्षांत पहिला. चालू द्या."

खेळ असा होता. प्रत्येक वळणावर बटणं ठेवायची. भिंगरीनं तळापासून चढायला लागायचं. दहा पायऱ्या संपल्या, वळण आलं, की एक बटण उचलून हातात घ्यायचं. ते एक बटण म्हणजे दहा. पुढची पायरी पुन्हा एक, दोन, तीन. उतरताना प्रत्येक वळणावर एक बटण परत ठेवायचं. हातातली बटणं आणि पायाखालची पायरी, मिळून संख्या.

"सत्तावीसवर जा," लिफ्टवाले खालून ओरडले.

भिंगरी सुसाट गेली. दोन बटणं हातात, सातव्या पायरीवर उभी.

"आता अजून पंधरा चढ."

ती चढली. वाटेत वळण आलं, बटण घेतलं. पुन्हा वळण आलं, बटण घेतलं. आणि दोन पायऱ्यांवर पाऊल थबकलं.

"हातात किती?"

"चार."

"पायरी?"

"दुसरी."

"मग किती झाले?"

वरून बटणं खुळखुळली. मग जिना दणाणला. "बेचाळीस! बाबा, बेचाळीस! तीनशे बारा कसे होतील? तीनशे बारा तर आकाशात गेले असते!"

लिफ्टवाले खालच्या पायरीवर बसले. बाईंना देण्याजोगं पाचवं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि हे आधीच्या चारांपेक्षा चांगलं होतं.

मंगळवारी खेळात सहा मुलं होती. बुधवारी चौदा. आणि मुलं वाढली की सल्ले वाढतात. पहिल्या वळणावरच्या काकू म्हणाल्या, पोरीला सकाळी डाव्या कुशीवर उठवा, उजव्या कुशीवर उठणाऱ्यांची बेरीज कच्ची राहते. औषधांच्या दुकानवाल्यांनी स्मरणशक्तीची बाटली आणून दिली आणि वर सांगितलं की ती मुख्यतः खोकल्याची आहे पण दोन्हीला चालते. कुणी म्हणालं, पाढे भिंतीला लावा. कुणी म्हणालं, भिंतीचे पाढे काढा, त्यानं डोळे जातात. लिफ्टवाले सगळ्यांना "हो हो" म्हणाले. सल्ला देणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

एक माणूस मात्र सल्ला द्यायला आला नाही. तो कलम दाखवायला आला. तिसऱ्या वळणावर राहणारे गृहस्थ कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ते सेक्रेटरींना सोबत घेऊनच आले.

"जिना हा येण्याजाण्यासाठी आहे," शिरस्तेदार म्हणाले.

"मुलं येतातजातातच की," लिफ्टवाले म्हणाले.

"ती जाऊन परत येतात. विनाकारण. नियमावलीत शैक्षणिक कारणासाठी जिना वापरण्याची तरतूद नाही."

"बंदी आहे?"

"बंदीचीही तरतूद नाही. म्हणून तर प्रकरण गंभीर आहे."

सेक्रेटरी भला माणूस होता. भला म्हणजे जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचा. तो म्हणाला, "तीन प्रतींत अर्ज करा ना. काय शिकवणार, किती पायऱ्या लागणार, पडझड झाल्यास जबाबदार कोण. उद्या गुरुवारी सभा घेतो, मंजूर करून टाकू."

लिफ्टवाल्यांनी अर्ज लिहिला. 'लागणाऱ्या पायऱ्या' या रकान्यात 'शंभर' लिहिलं. शिरस्तेदारांनी तो परत पाठवला. शंभर अंकी आणि अक्षरी असे दोन्ही हवेत. तो दुरुस्त करून दिला तर म्हणे पायऱ्यांपैकी जाण्यासाठी किती आणि येण्यासाठी किती हे वेगळं दाखवा. त्यातच इमारतीत एक कुजबुज सुरू झाली. लिफ्ट दोन महिने बंद आहे, बरोबर? लिफ्टचा कारागीर इथेच राहतो, बरोबर? आणि त्याला जिना हवाय. मग लिफ्ट कोण सुरू होऊ देत नसेल, सांगा बरं?

हे लिफ्टवाल्यांना काकूंकडून कळलं. काकू असल्या गोष्टी सांगताना "मी काही मानत नाही हो" असं आधी म्हणतात आणि मग पूर्ण सांगतात. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं हा माणूस दोरखंडांना लोंबकळून अनोळखी लोकांना वरखाली सुखरूप नेतोय, आणि त्याच्यावर एक लिफ्ट मारल्याचा आळ!

नेमका तेव्हाच फोन वाजला. एका इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत तीन माणसं. लिफ्टवाल्यांनी हत्यारांची पिशवी उचलली, भिंगरीला म्हणाले, "तू सांभाळ, नियम सगळ्यांना सारखे," आणि गेले.

तर बुधवार संध्याकाळ. चौदा मुलं आणि तीस बटणं. आता विचार करा, एकेका पोराच्या हातात चार-चार, पाच-पाच बटणं. पंधरा मिनिटांत वळणं रिकामी झाली. पोरं वळणावर पोहोचतात, उचलायला जातात, तर काही नाही. दहा झालेत आणि हातचा नाही! मोठी माणसं असती तर समिती नेमली असती. मुलांनी आजूबाजूला बघितलं. फळीवर जोडे होते. प्रत्येक वळणावर, भरपूर. एका दहाला एकच वस्तू, म्हणून प्रत्येक जोडीतला एकच उचलायचा, असाही नियम भिंगरीनं घालून दिला. तिला वाटलं, दुसरा असतोच की घालायला.

उतरताना परत ठेवायचे होते. पण वजाबाकी कुणालाच आवडत नाही. बेरीज झाली की हातातले जोडे गच्चीत, पाण्याच्या टाकीमागे नीट रांगेत ठेवून पोरं रिकाम्या हातानं धडधडत खाली यायची आणि नवीन बेरीज सुरू करायची. अंधार पडायच्या आत हाका आल्या आणि चौदाही जणं आपापल्या घरी गेली. टाकीमागचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लिफ्टवाले परतले तेव्हा त्यांना वळणं झाडून साफ दिसली. किती शिस्तीची मुलं, असं ते स्वतःशी म्हणालेसुद्धा.

गुरुवारी सकाळी जिन्यातून जो आवाज आला त्याचं वर्णन करत नाही. वीस घरांची माणसं एकाच वेळी कामाला निघाली आहेत आणि प्रत्येकाचा एक पाय घातलेला आहे, एवढं डोळ्यांसमोर आणा.

सगळ्यात वाईट शिरस्तेदारांचं झालं. त्या दिवशी कोर्टाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा मेळावा होता आणि त्यांचा सत्कार होता. त्यासाठी काळे बूट आदल्या संध्याकाळी पॉलिश करून फळीवर ठेवले होते. सकाळी डावा होता. उजवा नव्हता. घरातल्या यच्चयावत जोड्यांतला एकेक गेलेला. उरलेल्यांत उजव्या पायाचं म्हणावं असं एकच होतं, बायकोची न्हाणीघरातली हिरवी रबरी चप्पल. ते तसेच गेले. पाय खुर्चीखाली ओढून बसले. आणि मग त्यांना व्यासपीठावर बोलावलं.

संध्याकाळची सभा जिन्यातच झाली. इमारतीला दुसरी जागा नव्हती. खालच्या पायऱ्यांवर पुरुष, वरच्यांवर बायका, मुलं कठड्याला लटकलेली. गच्चीतून आणलेले जोडे पोत्यातून वळणावर ओतले होते. लिफ्टवाले त्या ढिगाशेजारी उभे होते. बायको त्यांच्या शेजारी, दवाखान्याच्या कपड्यांतच.

"माझी चूक आहे," लिफ्टवाले म्हणाले. "बटणं कमी पडली. सगळ्यांची माफी मागतो. ज्याचा त्याचा जोडा घेऊन जा."

"इतकं सोपं नाही," शिरस्तेदार म्हणाले. त्यांच्या हातात नोंदवही होती. "मी घरोघर फिरून यादी केली आहे. खालच्या पाच वळणांवरून गेलेले नग, सत्तावीस. वरच्या पाच वळणांवरून, पंधरा. एकूण बत्तीस. आता ढीग मोजा."

सेक्रेटरींनी मोजला. मग काकूंनी मोजला. बेचाळीस भरले.

मुलं कठड्यावरून ढिगाकडे वाकली.

"दहा जास्त," शिरस्तेदार सावकाश म्हणाले. कोर्टात निकालाआधी जसं थांबतात तसं थांबले. "हे दहा कुणाचे? शेजारच्या इमारतीतले? ही बेरीज नाही. ही चोरी आहे. सेक्रेटरी, पोलिसांत तक्रार, आणि मुलांना जिनाबंदी. आजपासून. लिहून घ्या."

सेक्रेटरी लिहू लागला, कारण शेवटी शिरस्तेदार बोलले होते.

"ए भिंगरे," कुणीतरी वरून ओरडलं, "कुठून आणलेस गं दहा?"

"कुठूनच नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अर्धा झाला होता. उद्या चाचणी होती, आणि आज ती चोर होती. लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षांचं सगळं त्यात येणार होतं, लिफ्टसुद्धा. पण बायकोनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिनं यादीकडे बघितलं होतं. दिवसभर कागद वाचणाऱ्या बाईला उलटा कागदही वाचता येतो.

"बेटा," ती भिंगरीला म्हणाली, "यांना सत्तावीस अधिक पंधरा करून दाखव."

भिंगरीनं डोळे पुसले. "सगळ्यांनी बाजूला सरका," ती म्हणाली, आणि माणसं सरकली. चाळीस मोठी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. तिनं ढिगातून चार जोडे काढले, पहिल्या चार वळणांवर एकेक ठेवून आली, आणि तळाला जाऊन उभी राहिली. मग सुटली. पहिलं वळण, एक जोडा. दुसरं वळण, दुसरा. सात पायऱ्या. थांबली. "सत्तावीस!" पुन्हा सुटली. मोठ्यानं मोजत. तीनला वळण आलं, तिसरा जोडा. तेराला पुन्हा वळण, चौथा. चौदा, पंधरा. उभी राहिली. हातात चार जोडे, त्यातला एक काळा, पॉलिश केलेला.

"चार दहा आणि दुसरी पायरी," ती वरून ओरडली. "बेचाळीस! एकही जास्त नाही!"

"पायांनी केलेली बेरीज ग्राह्य नाही," शिरस्तेदार म्हणाले.

"मग हातानं करा की," काकू म्हणाल्या. "मी काही मानत नाही हो, पण करून बघा."

शिरस्तेदारांनी वही भिंतीला टेकवली. सात आणि पाच बारा. दोन लिहिले. दोन आणि एक तीन. पेन तीनवर आलं आणि तिथेच राहिलं. अख्खा जिना त्या पेनाकडे बघत होता.

"काका," भिंगरी कठड्यावरून वाकून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, कारण तिला ही चूक आतून बाहेरून माहीत होती, "हातचा राहिला तुमचा. माझाही राहायचा."

आणि खाली येऊन तिनं काळा बूट त्यांच्या पुढे धरला.

शिरस्तेदारांनी तो घेतला. वही मिटली. "सभा तहकूब," म्हणाले, आणि बूट हातात घेऊन घरात गेले. त्यांना सभा तहकूब करण्याचा अधिकार नव्हता, पण कुणी हरकत घेतली नाही. सेक्रेटरीनं लिहिलेलं पान खोडलं.

शुक्रवारी दुपारी लिफ्टवाल्यांना शाळेत बोलावणं आलं. या वेळी ते बाकावर बसले नाहीत. उभे राहिले.

"दहापैकी दहा," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. "हातच्याची पाचही उदाहरणं बरोबर. दुसरीत बसवायचा प्रश्न नाही. पण एक तक्रार आहे. प्रत्येक हातच्याला तिनं बाकाखालून पुढच्या मुलींच्या पायातला एकेक बूट काढून घेतला."

लिफ्टवाल्यांनी विचारलं, "परत दिले ना?"

"दिले," बाई म्हणाल्या. "वजाबाकीच्या प्रश्नांत."

मग त्यांनी टेबलावरचा खडू उगाच सरळ केला आणि खाली बघतच विचारलं, "ती बटणं… एकोणचाळीस मुलांना पुरतील इतकी मिळतात का हो कुठे?"

"चाळीस," लिफ्टवाले म्हणाले. "तिला धरून चाळीस. पण बाई, वर्गात बसून नाही चालायचं. जिना लागेल."

हेच ते पाचवं उत्तर. समोरासमोर, वेळेवर, पहिल्यांदा.

घरी आले तर इमारतीच्या दारातच गर्दी. लिफ्ट सुरू झाली होती! दोन महिने जो भाग मिळत नव्हता तो सेक्रेटरींनी एका सकाळीत आणवला होता. जिन्यात पुन्हा सभा घ्यायची वेळ येऊ नये, एवढंच त्याचं कारण. आणि भाग कोणता? लिफ्टवाल्यांनी दाराबाहेरून सांगितला होता तोच. लोक आत शिरत होते, बाहेर पडत होते, पुन्हा शिरत होते. लिफ्टवाल्यांनी आवाज ऐकला, मान डोलावली आणि भिंगरीबरोबर जिन्यानं निघाले.

तिसऱ्या वळणावर दोघं थांबले. शिरस्तेदारांच्या फळीला आता दार होतं, दाराला कडी, कडीला कुलूप. आणि त्यावर टाचलेला कागद, कोर्टातल्या वळणदार अक्षरांत, खाली सही आणि तारीख:

'येथून हातचे घेऊ नयेत.'

भिंगरीनं ते दोनदा वाचलं. मग कुलपाकडे बघितलं, मग बापाकडे.

"बाबा, मग तीसला मी काय उचलू?"

फळीच्या कडेला, कुलपाच्या बाहेर, एक हिरवी रबरी चप्पल ठेवलेली होती. एकच. उजव्या पायाची.